राणीछाप रुपया आणि दरबारचं पदक: आधी ओळख, किंमत सगळ्यात शेवटी

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मुंबईतल्या कित्येक घरांत एकच काम चाललेलं असतं. कपाटातल्या डब्यातून राणीछाप रुपये निघतात, त्यांना चिंच-मीठ चोळलं जातं, ते लख्ख होतात आणि पूजेच्या ताम्हनात बसतात. दिवाळी सरली की त्यांतलाच एखादा रुपया घेऊन घरातलं कुणीतरी विचारत येतं, "याचे किती येतील?"

मी नववीत असताना आजोबांचं १९११ च्या दिल्ली दरबारचं चांदीचं पदक असंच घासलं होतं. आई खूश झाली, मीही झालो. पुढे बऱ्याच वर्षांनी फोर्टातल्या एका जुन्या संग्राहकांनी ते भिंगाखाली धरलं, बराच वेळ पाहिलं आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "बाळा, हे घासलं नसतंस तर बरं झालं असतं." त्या बारीक ओरखड्यांची जाळी आजही तशीच आहे. ती कशानेही जात नाही.

गेली बरीच वर्षं ओळखीचे लोक आपापले डबे माझ्यासमोर उघडत आले आहेत. चूक जवळजवळ प्रत्येक वेळी क्रमाची असते. लोक आधी मोबाईलवर किंमत शोधतात, मग वस्तू चकचकीत करतात आणि शेवटी विचारतात की हे आहे तरी काय. खालच्या पायऱ्या नेमक्या उलट्या क्रमाने आहेत. एकही वगळू नका.

## तयारी: काय जवळ हवं

दागिने तोलायचा खिशातला डिजिटल काटा घ्या, पण तो ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा इथे उपयोगाचा नाही. सोबत डिजिटल कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक जोरकस चुंबक, टेबल-लॅम्प, कागदी पाकिटं आणि वही.

टेबलावर जाड टॉवेल अंथरा. आपल्या घरांत खाली लादी असते, आणि लादीवर पडलेल्या रुपयाच्या काठाला एकदा खोच पडली की ती कायमची. नाणं नेहमी काठाला दोन बोटांत धरा. चेहऱ्यावर अंगठा टेकवू नका, कारण घामाचे डाग महिन्याभराने वर येतात, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याहूनही लवकर.

इशारा: नाण्यांना रबरबँड लावलेला असेल तर आत्ताच काढा. रबरात गंधक असतं, त्याने चांदीवर काळा पट्टा उमटतो.

## पायरी १: फोटो आणि माहिती, पुसण्याआधी

प्रत्येक वस्तूचे जशी आहे तशी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. फ्लॅश नको, दिवा एका बाजूने तिरका ठेवा. उठाव आणि ओरखडे दोन्ही तेव्हाच दिसतात.

मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा. पदक कुणाला मिळालं, ते कुठे नोकरीला होते, रेल्वेत, पोलिसांत, पलटणीत की पालिकेच्या शाळेत, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सोबत डबी, फीत, सनद, जुना फोटो, काहीही असेल तर ते त्या पदकापासून वेगळं करू नका. मळकी, विरलेली फीत बदलून नवी लावणारे लोक मी पाहिले आहेत. मूळ फीत पदकाचाच भाग आहे.

आता पुसण्याबद्दल. राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू, सराफाकडचं पॉलिश, यांतलं काहीही नको. अक्षरांच्या खाचांत हळद-कुंकू बसलं असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास ठेवा, पाणी बदला, बाहेर काढून टॉवेलवर वरून फक्त टिपा. चोळायचं नाही. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस किंवा समई पेटलेली नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात.

चांदीवर आलेली करडी-काळसर झाक म्हणजे मळ समजू नका. जाणकार गिऱ्हाईक तीच आधी शोधतं, कारण तिच्यावरून नाणं घासलेलं नाही हे कळतं.

## पायरी २: ढीग लावा

सगळं एकत्र तपासायला घेतलं की गोंधळ होतो. आधी चार ढीग करा.

पहिला ढीग नाण्यांचा. नाण्यावर मूल्य लिहिलेलं असतं: एक रुपया, अर्धा रुपया, पाव आणा. मूल्य नसेल तर ते बहुधा नाणं नाही (सोन्याची गिनी आणि तांब्याची शिवराई हे अपवाद).

दुसरा अधिकृत पदकांचा. सरकारने ठरावीक माणसांना दिलेली ही पदकं. वर कडी, कडीत फीत, छातीवर लावायची.

तिसरा स्मरणिकांचा. राज्याभिषेक, ज्युबिली किंवा राजपुत्राची भेट यानिमित्ताने खाजगी कारखान्यांनी आणि संस्थांनी काढलेली, शाळेच्या मुलांना वाटलेली किंवा दुकानात विकलेली. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, पांढरा मिश्रधातू, क्वचित चांदी. राजाचा चेहरा दोन्हींवर सारखाच असल्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाची नेहमी गल्लत होते.

चौथा लढाईच्या पदकांचा. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडून मुंबईत आलेल्या बऱ्याच कुटुंबांत पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक निघतं, आणि त्यावरही पाचव्या जॉर्जचंच डोकं असतं. त्याची कड भिंगाखाली फिरवा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसेल. या पदकाचं खरं मोल त्या नावात आहे. एका माणसाला मिळालेली पदकं एकत्रच ठेवा. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी ती मोडीत घालू नका. त्या चांदीचे पैसे महिन्याभरात संपतील आणि पणजोबांचा नंबर परत मिळणार नाही.

तपासा: प्रत्येक वस्तू पाकिटात गेली का? पाकिटावर क्रमांक आणि वहीत तोच क्रमांक आहे का? एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ३: वजन, माप, चुंबक, पाणी

अक्षरं वाचण्याआधी वजन करा. अक्षरांची नक्कल सोपी असते. वजन, व्यास आणि घनता तिन्ही एकाच वेळी जुळवणं अवघड जातं.

१८३५ पासूनचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. अर्धा रुपया ५.८३, पावली २.९२ आणि चांदीची दोन आणे १.४६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात वजन तेच, पण चांदी फक्त ५० टक्के. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा आहे, मागे वाघ, चांदी शून्य. शेकडो लोक या तिन्हींना सरसकट "चांदीचा रुपया" म्हणतात आणि पहिली चूक तिथेच होते.

खूप चाललेला रुपया झिजून ११.४ किंवा ११.३ ग्रॅमवर येतो, त्याने घाबरू नका. मात्र चेहरा कोरा करकरीत आणि वजन ११.२, किंवा वजन ११.८ च्या वर, असं दिसलं तर तो रुपया बाजूला काढा.

चुंबकाला चांदी, तांबं, सोनं ओढली जात नाहीत. रुपया ओढला गेला तर आत लोखंड आहे. १९४६-४७ ची निकेलची नाणी मात्र याला अपवाद, कारण निकेल चुंबकाला लागतं. तेव्हा तारीख पाहून मगच "बनावट" म्हणा.

पाण्याची चाचणी थोडी सविस्तर सांगतो, कारण घरी करता येण्यासारखी सगळ्यात भरवशाची चाचणी हीच आहे आणि बहुतेकजण ती चुकीची करतात.

आधी नाण्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर अर्धा भरलेला हलका प्लास्टिकचा पेला ठेवा (काचेचा जड पेला ठेवला तर छोट्या काट्याची मर्यादा ओलांडली जाते). काटा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा आणि लटकतं ठेवा. तळाला किंवा बाजूला टेकलं की आकडा चुकला. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच हलवून घालवा. आता काट्यावर जो आकडा दिसतो त्याने कोरड्या वजनाला भागा.

११.६६ ग्रॅमच्या खऱ्या जुन्या रुपयासाठी काटा १.१३ च्या आसपास दाखवतो. भागाकार येतो १०.३. पन्नास टक्के चांदीच्या रुपयाचा भागाकार साडेनऊच्या जवळ येतो. ८.९ आला तर आत तांबं किंवा तांबं-निकेल आहे आणि वर नुसता मुलामा. गिनीसारख्या २२ कॅरटच्या नाण्याचा भागाकार १७.७ च्या जवळपास येतो.

इशारा: फीत लावलेलं पदक, पोकळ लॉकेट किंवा मीनाकाम असलेली वस्तू पाण्यात घालू नका.

आणखी एक. नाणं लादीवर आपटून "खणखणीत वाजतंय का" हे पाहायची जुनी सवय सोडा. नाणं बोटाच्या टोकावर आडवं तोला आणि पेन्सिलने हलकेच टिचकी मारा. चांदीचा आवाज रेंगाळतो.

## पायरी ४: नाणं वाचा — राजा, किताब, साल, टांकसाळ

राजा ओळखणं सोपं आहे. व्हिक्टोरिया डावीकडे पाहते, रुपयावरचा सातवा एडवर्ड उघड्या डोक्याने उजवीकडे, पाचवा आणि सहावा जॉर्ज मुकुट घालून डावीकडे. व्हिक्टोरियाच्या नावापुढे १८७६ पर्यंत "क्वीन" आणि १८७७ पासून "एम्प्रेस" येतं. "एम्प्रेस" असून साल १८६२ असेल तर काहीतरी गडबड आहे.

साल हे नेहमी पाडल्याचं वर्ष नसतं. १८३५ चा चौथ्या विल्यमचा रुपया आणि १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया, दोन्ही पुढे कित्येक वर्षं तेच साल घालून निघत राहिले. १८६२ चा रुपयाही १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला गेला. मुंबईच्या टांकसाळीने त्यावर सालाजवळ बारीक टिंबं टाकली, आणि कोणत्या वर्षाचा रुपया हे त्या टिंबांच्या संख्येवरून आणि जागेवरून ठरतं. लोक "१८६२, दीडशे वर्षांहून जुना" म्हणत फोन करतात. मी विचारतो, टिंबं किती? बहुधा पाहिलेलीच नसतात. तो रुपया साधा आहे की शोधला जाणारा, हे ती टिंबं सांगतात. भिंग घ्या, मोजा, वहीत लिहा.

टांकसाळीची खूण शोधताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. कलकत्त्याच्या नाण्यावर बहुतेक वेळा खूणच नसते. मुंबईची खूण व्हिक्टोरिया आणि एडवर्डच्या नाण्यांवर बारीक "बी" अक्षर, पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाखालच्या फुलापाशी उठावदार टिंब, आणि १९४० नंतर टिंब किंवा पत्त्यांतल्या चौकटसारखा लहानसा आकार. लाहोरची खूण "एल", १९४३ ते १९४५. आपल्या आजच्या नाण्यांवरही मुंबईची खूण सालाखालचा चौकटच आहे. शहीद भगतसिंग मार्गावरची हीच टांकसाळ १८२९ पासून उभी आहे, आणि तिथे पाडलेलं नाणं हातात आलं की मला अजूनही बरं वाटतं.

कडही वाचायची असते. १९३९ पर्यंतच्या रुपयाला सरळ दातेरी कड. १९४० पासून कडेच्या मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी. १९४० नंतरच्या रुपयाला साधी दातेरी कड दिसली तर थांबा.

काही साल वेगळी ठेवावीत. १९११ चा रुपया: राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, रुपया मागे घेतला गेला आणि १९१२ पासून हत्ती बदलला. १९३९ चा रुपया: ९१.७ टक्के चांदीतला शेवटचा, खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. शेवटचा आकडा बदलून केलेला असू शकतो, तेव्हा "९" च्या भोवतीची पार्श्वभूमी भिंगाखाली पाहा. तिथे खरवडल्यासारखं किंवा रंगाने वेगळं दिसतं का? उलट १९१७ ते १९२० चे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. ते घराघरांत आहेत.

आठव्या एडवर्डच्या नावाने ब्रिटिश हिंदुस्थानचं चलनी नाणं निघालं नाही. कच्छ संस्थानाने मात्र १९३६ मध्ये त्याच्या नावाच्या कोऱ्या (कोरी हे कच्छचं नाणं) पाडल्या. कुणी "एडवर्ड आठवा, एक रुपया" दाखवला तर ते नंतर कुणीतरी हौसेने बनवलेलं आहे.

गिनीसाठी वजन ७.९९ ग्रॅम आणि व्यास २२.०५ मिलिमीटर, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. १९१८ साली मुंबईतही गिनी पाडली गेली. घोड्याच्या पायांखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर, तिला "आय" हे अक्षर असतं. घरच्या १९१८ च्या गिनीवर ते आहे का, ते जरूर पाहा.

## पायरी ५: पदकं ओळखा

इथे घाई फार नुकसान करते.

दरबार तीन: १ जानेवारी १८७७, १ जानेवारी १९०३ आणि १२ डिसेंबर १९११. १८७७ चं पदक मोठं, ५८ मिलिमीटरचं. १९०३ आणि १९११ ची ३८.५ मिलिमीटरची, मागच्या बाजूला फारसी मजकूर. बहुतेक चांदीची, अगदी थोडी सोन्याची. १९०३ च्या पदकावर एकटा एडवर्ड उजवीकडे तोंड करून, १९११ च्या पदकावर राजा-राणीचे जोडचेहरे डावीकडे तोंड करून, भोवती गुलाबांची वेल.

१९११ ला एक जोडीदार आहे: लंडनच्या २२ जून १९११ च्या राज्याभिषेकाचं पदक. पुढची बाजू तीच, गडद निळी फीत आणि मधल्या दोन लाल रेघाही त्याच. फरक मापात आणि मागच्या बाजूत. राज्याभिषेकाचं ३२ मिलिमीटरचं, मागे मुकुटाखाली राजाची आद्याक्षरं आणि तारीख. दरबारचं ३८.५ मिलिमीटरचं आणि मागे फारसी. कॅलिपर लावला की मिनिटभरात निकाल.

१९३५ च्या रौप्यमहोत्सवाचं आणि १२ मे १९३७ च्या राज्याभिषेकाचं पदक, दोन्ही चांदीची, ३२ मिलिमीटरची. यांच्या कडेवर सरकारने नावं कोरलेली नव्हती. दरबारच्या पदकांवरही नाही. नाव दिसलं तर ते मालकाने नंतर सराफाकडून कोरून घेतलेलं. त्याने पदक खोटं ठरत नाही, पण वहीत "खाजगी कोरीवकाम" अशी नोंद करा. आणि सनद असेल तर ती इथे पदकाइतकीच महत्त्वाची, कारण बिननावी पदक कुणाचं हे सांगणारा तोच एक पुरावा.

१९०२ च्या सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची बिनकडीची पदकं सर्वसामान्यांना विकत मिळत, ५५ आणि ३१ मिलिमीटरच्या दोन मापांत. ती अधिकृत आहेत, सुंदर आहेत, पण कुणाला "बहाल" झालेली नाहीत. लहान चांदीचं तर सहज सापडतं.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी समजूत. "आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक झालाच नाही, म्हणून त्याचं पदक लाखमोलाचं." एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली. राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला होता, आणि कारखान्यांनी महिनोन् महिने आधीच पदकं, मग, बिल्ले बनवून ठेवले होते. ते सगळे बाजारात आले. त्याच तारखेला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. त्यामुळे एडवर्डच्या नावाची "१२ मे १९३७" ची पितळी स्मरणिका अजिबात दुर्मीळ नाही.

तसंच विलायतेतून नातेवाइकांनी आणलेल्या मोठ्या क्राऊन नाण्यांचं. १९५३ चा राज्याभिषेक, १९६५ चा चर्चिल, १९७७ ची ज्युबिली, १९८१ चं चार्ल्स-डायना लग्न, ही बहुतेक तांबं-निकेलची, लाखांनी पाडलेली. डबी मखमली असली तरी आत चांदी असेलच असं नाही. १९३५ आणि १९३७ च्या क्राऊनमध्ये मात्र ५० टक्के चांदी आहे, वजन २८.२८ ग्रॅम.

तपासा: कडेवर किंवा चेहऱ्याच्या गळ्याखाली कारखान्याचं नाव, सिंहाची बारीक खूण (इंग्लंडमध्ये ही ९२.५ टक्के चांदीची), जहाजाच्या नांगराची खूण (बर्मिंगहॅम) आहे का? स्मरणिकेची धातू ठरवायला हीच मदत करते.

## पायरी ६: बनावट वेगळं काढा

ओतीव नकलेची लक्षणं: पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, कडेवर फिरणारी सांध्याची रेघ, व्यास अर्धा मिलिमीटर कमी. खऱ्या नाण्याची अक्षरं पृष्ठभागातून सरळ उभी राहतात.

राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी, मागे "ईस्ट इंडिया कंपनी", साल १६१६, १७१७ किंवा १८१८, मूल्य "वन आना" किंवा "हाफ आना". अशी तांब्याची नाणी कंपनीने कधीही काढली नाहीत. ती देवळांबाहेर विकायला नंतर बनवलेली आहेत. कंपनीच्या १८३५ च्या खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं सिंहांचं राजचिन्ह असतं. त्याआधीच्या मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या नाण्यावर तराजू आणि फारसीत "अदल", म्हणजे न्याय. तो तराजू दिसला तर मात्र नीट सांभाळा.

शिवराई खरी सापडते, आणि तिच्यावर "श्री राजा शिव" व "छत्रपति" ही अक्षरं अर्धीमुर्धी असणं नैसर्गिक आहे, कारण तांब्याच्या तुकड्याहून साचा मोठा असे. शिवकालीन सोन्याचा होन म्हणून दाखवली जाणारी बहुतांश नाणी मात्र नकला असतात. जाणकाराने पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

इशारा: "तांदूळ ओढणारं नाणं" शोधणाऱ्या टोळीशी बोलूही नका. तांब्याच्या नाण्याकडे तांदूळ ओढला जात नाही. यात लोकांनी घरं गहाण टाकली आहेत.

## पायरी ७: दर्जा ठरवा

एकाच सालाचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये, आणि किमतीत कित्येक पटींचा फरक. तो दर्जाचा. सगळ्यात उंच जागा आधी झिजतात: व्हिक्टोरियाचे कानावरचे केस, एडवर्डचा कान आणि दाढी, जॉर्जच्या मुकुटातली रत्नं आणि झग्यावरची नक्षी. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाची एक पट्टी चक्रासारखी फिरते. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच चमकतं.

मग दुखापती लिहा. बाराच्या काट्याच्या जागी डाग देऊन जोडल्याचा (सोल्डरचा) ठिपका असेल तर तिथे कधी कडी लावलेली होती, माळेत किंवा बटणात. बुजवलेलं भोक, कडेवर घासून चांदी काढलेली जागा, सराफाचा छाप, कोरलेलं नाव. यांतलं काही असेल तर दुर्मीळ सालाचीही किंमत बरीच खाली येते. प्रामाणिकपणे लिहा. समोरचा ते पाहणारच आहे.

## पायरी ८: आता किंमत

आधी तळ काढा, म्हणजे नुसत्या धातूची किंमत. हिशेबाच्या सोयीसाठी चांदी १०० रुपये ग्रॅम धरली, तर १९३९ पर्यंतच्या रुपयाचे १०.६९ गुणिले १००, म्हणजे १,०६९ रुपये. १९४०-४५ च्या रुपयाचे ५.८३ गुणिले १००, म्हणजे ५८३. तुम्ही त्या दिवशीचा झवेरी बाजाराचा भाव घाला. याहून कमी किंमत कुणी सांगत असेल तर तो नाणं म्हणूनही घेत नाही आणि चांदी म्हणूनही नाही.

तळाच्या वर काय मिळेल, हे फक्त झालेल्या विक्रीवरून कळतं. लिलाव करणाऱ्या संस्था विक्रीचे आकडे प्रसिद्ध करतात. तुमचं साल, तुमची टांकसाळ, तुमच्याजवळचा दर्जा असलेल्या किमान चार-पाच विक्री शोधा. सगळ्यात वरची सोडा, सगळ्यात खालची सोडा, उरलेल्यांच्या मध्ये तुमचा आकडा. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. जाहिरातीत कुणीही पाच लाख लिहू शकतो. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेलं वरचं शुल्क धरलंय की नाही, हेही पाहा. विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं, आणि दुकानदार तर आणखी खाली घेणार, त्याला दुकान चालवायचं आहे.

झिजलेला १९१८ चा रुपया चांदीच्या भावाच्या जरासाच वर जातो. हे ऐकून लोक नाराज होतात, पण तसंच आहे. उलट एखादं १८६२ चं योग्य टिंबांचं, न घासलेलं नाणं नीट विकलं तर कित्येक पट देऊन जातं. म्हणून चौथ्या पायरीला वेळ द्यायचा.

अशा नाण्याला नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडून दर्जा ठरवून घेऊन सीलबंद करणं परवडतं. साध्या रुपयाला त्याचा खर्चच नाण्याहून जास्त.

इशारा: "रिझर्व्ह बँक जुनी नाणी लाखाला घेते, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. असा कोणताही व्यवहार आपण करत नाही आणि कुणाला असं शुल्क घ्यायचा अधिकारही दिलेला नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

## पायरी ९: दाखवणं आणि विकणं

फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आधी बघून या. खरं नाणं कसं दिसतं ते डोळ्यांना कळू द्या. तिथे किंमत विचारायला जायचं नाही.

किंमत विचारायची ती वेगवेगळ्या दिवशी तीन जागी. चोरबाजारात किंवा फुटपाथवर पूर्ण डबा कधीही उघडू नका. दोन पाकिटं न्या, बाकीचे फोटो. "सगळं मिळून इतके देतो" या बोलीला हो म्हणू नका, कारण सगळं मिळून घेणाऱ्याची नजर त्यातल्या एकाच नाण्यावर असते. सराफाकडे गेलात तर तो चांदी तोलणार. त्यात त्याचा दोष नाही, तो चांदीच विकत घेतो.

दोन कायदे माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात मोडते, ती परदेशी पाठवता किंवा सोबत नेता येत नाही. मुलगा अमेरिकेहून आलाय म्हणून त्याच्या बॅगेत आजोबांचं दरबारचं पदक ठेवू नका. आणि गावच्या घराचा पाया खणताना नाण्यांचा हंडा लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

जे विकायचं नाही ते नीट ठेवा. पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या पाकिटांत किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीत, हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. जून ते सप्टेंबर पुडी दर महिन्याला बदला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. लक्ष्मीपूजनाला एक झिजलेला, साधा रुपया वेगळा काढून ठेवा, त्यालाच हळद-कुंकू लावा. बाकीची पाकिटं बंदच राहू द्यात, आणि प्रत्येकावर क्रमांकासोबत हे कुणाकडून आलं तेवढं एका ओळीत शिसपेन्सिलीने लिहा. शाई नको, ती कागदातून उतरते.